बॉल नव्हता तिथलं सांगा की! टीव्हीवरच्या फुटबॉल एक्स्पर्टांबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी सहज एक ओळ लिहून गेले होते की हाफ टाइमच्या गप्पा ऐकवत नाहीत म्हणून मी तेव्हा टीव्हीचा आवाज बंद करते. सगळ्यात जास्त पत्रं त्या एका ओळीवर आली, काही रागावलेली, बरीचशी 'अगदी मनातलं बोललात' अशी. म्हणून या वेळी सगळे प्रश्न त्याच विषयावरचे घेतलेत.

ताई, मी बारावीत आहे. मॅच संपल्यावर स्टुडिओतले माजी खेळाडू बोलतात ते मी शेवटपर्यंत ऐकतो, पण हाती काही लागत नाही. जिंकलेल्यांना भूक जास्त होती, हरलेल्यांनी मान टाकली, बस एवढंच. मला फुटबॉल कळत नाही म्हणून असं होतं का?

अरे, तुला कळतंय म्हणूनच तर हात रिकामे वाटतायत. 'भूक जास्त होती' हे कुठल्याही मॅचला चिकटवता येतं, आणि जे कुठल्याही मॅचला चिकटतं त्यातून तू आत्ता बघितलेल्या मॅचबद्दल काय कळणार?

एक जुनी मॅच घेऊ, कारण तिच्याबद्दल हे वाक्य किती वेळा ऐकलं त्याला गणतीच नाही. २५ मे २००५, इस्तंबूल, चॅम्पियन्स लीगची फायनल, एसी मिलान विरुद्ध लिव्हरपूल. पहिल्याच मिनिटाला माल्दिनीचा गोल, मग क्रेस्पोचे दोन, हाफ टाइमला ३-०. आणि मग ५४, ५६ आणि ६० व्या मिनिटाला लिव्हरपूलने तीन गोल परत मारले आणि शेवटी पेनल्टी शूटआउट ३-२ ने जिंकून कप घरी नेला. आजही विषय निघाला की जिद्द, स्टँडमधलं गाणं आणि ड्रेसिंग रूममध्ये कोण काय बोललं, यावरच सगळे बोलतात. ते खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण तू पहिला हाफ परत लाव आणि फक्त मिलानचा काका नावाचा ब्राझिलियन मिडफिल्डर बघ. लिव्हरपूलचे डिफेन्डर आणि मिडफिल्डर यांच्या मधल्या पट्ट्यात तो बॉल घेतोय, वळतोय, मान वर करून बघतोय, आणि हे सगळं होईपर्यंत त्याच्या अंगावर कुणी येतच नाही. तिसरा गोल तसाच आहे, लिव्हरपूलचा कॅप्टन जेरार्ड याला मागे टाकून तो वळला आणि एकाच लांब पासने क्रेस्पोला गोलीसमोर नेऊन सोडलं.

हाफ टाइमला लिव्हरपूलचा कोच बेनिटेझ याने राइट बॅक (उजव्या कडेचा डिफेन्डर) फिननला काढून मिडफिल्डर हामानला आणलं आणि मागे तीन डिफेन्डर केले. हामान त्या पट्ट्यात जाऊन उभा राहिला, त्यामुळे काकाची मोकळीक कमी झाली आणि मुख्य म्हणजे जेरार्डला पुढे जाता आलं. आता पुढचं जोडून बघ. ५४ व्या मिनिटाचा गोल जेरार्डचाच, बॉक्समध्ये हेडरने. ६० व्या मिनिटाच्या गोलआधी पेनल्टी मिळाली ती जेरार्ड बॉक्समध्ये घुसला आणि गात्तुसोने त्याला पाडलं म्हणून. हे समजावायला एखाद्या एक्स्पर्टला दोन मिनिटं आणि तीन क्लिप पुरतात, आणि ऐकणारा पोरगा पुढच्या मॅचला आपोआप तो पट्टा शोधायला लागतो.

आणि एक सांगते. त्याच मॅचच्या एक्स्ट्रा टाइममध्ये मिलानच्या शेवचेन्कोचा हेडर लिव्हरपूलचा गोली डुडेक याने अडवला, बॉल परत शेवचेन्कोकडेच आला, त्याने अगदी जवळून मारला आणि तोही डुडेकच्या हाताला लागून वरून गेला. तो आत गेला असता तर 'भूक जास्त होती' हे मिलानबद्दल बोललं गेलं असतं, त्याच माणसांबद्दल, त्याच १२० मिनिटांबद्दल. म्हणून मी ऐकताना एकच गोष्ट तपासते: शेवटचा बॉल आत न जाता पोस्टला लागला असता तरी या माणसाचं म्हणणं खरं राहिलं असतं का? हामानबद्दलचं राहतं. भुकेचं राहत नाही.

जो स्वतः मोठ्या लेव्हलला खेळलेला नाही त्याने टीव्हीवर बसून अक्कल शिकवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तुमचं?

माझं उलट आहे आणि तितकंच स्पष्ट आहे. खेळलेल्या माणसाकडे एक गोष्ट असते जी दुसऱ्या कुणाकडे नसते, म्हणजे ८५ व्या मिनिटाला पाय जड झालेले असताना समोरून विंगर (कडेने धावणारा खेळाडू) अंगावर येतो तेव्हा डोक्यात काय चालतं ते. ते त्याने सांगितलं तर सोनं. पण बहुतेक वेळा तेच सांगितलं जात नाही ना.

अॅलन हॅन्सन बघा. लिव्हरपूलकडून आठ लीग आणि तीन युरोपियन कप, म्हणजे खेळाडू म्हणून बोलायची सोयच नाही. १९ ऑगस्ट १९९५ ला, सीझनच्या पहिल्याच दिवशी, मँचेस्टर युनायटेड अॅस्टन व्हिलाकडे ३-१ हरली आणि त्या रात्री बीबीसीवर तो म्हणाला की पोरांना घेऊन काही जिंकता येत नसतं. युनायटेडने त्या सीझनला लीग आणि एफए कप दोन्ही जिंकले. लोक हे त्याला हिणवायला सांगतात, मला मात्र त्यात वेगळीच गोष्ट दिसते. हॅन्सन रिप्ले थांबवून बचावाची रांग कुठे मोडली ते दाखवायचा तेव्हा तो फार चांगला होता, कारण ते त्याने आयुष्यभर केलेलं काम होतं. घसरला तो भविष्य सांगायला गेला तेव्हा, तेही एका मॅचवरून, आणि युनायटेडचा हुकमी खेळाडू कँटोना याची बंदी सप्टेंबरअखेर संपणार हे सगळ्यांना माहीत असताना.

उलट बाजूला इटालियन कोच आरिगो साकी. प्रोफेशनल फुटबॉल खेळलाच नाही, पण मिलानला १९८९ आणि १९९० असे लागोपाठ दोन युरोपियन कप जिंकून दिले. इंग्लिश कोच एमा हेजचं खेळणं घोट्याच्या दुखापतीने सतराव्या वर्षीच थांबलं, पण २०२१ मध्ये झालेल्या युरोमध्ये ती आयटीव्हीवर बोलायची तेव्हा मी कामं टाकून ऐकायचे, कारण मॅच चालू असतानाच कोण कुठे सरकलंय आणि त्याने काय उघडं पडलंय हे ती सांगायची, गोल झाल्यावर नाही.

मँचेस्टर युनायटेडचा माजी डिफेन्डर गॅरी नेव्हिल याचं नाव दोन-तीन पत्रांत आलंय, की व्हॅलेन्सियाचा कोच म्हणून तो डिसेंबर २०१५ ते मार्च २०१६ एवढाच टिकला, मग त्याचं विश्लेषण काय ऐकायचं? मला हे पटत नाही. मॅच उलगडून दाखवणं वेगळं आणि पंचवीस माणसांकडून ती खेळून घेणं वेगळं. २०११ नंतर स्काय चॅनेलवर त्याने, आणि पुढे लिव्हरपूलचा माजी डिफेन्डर कॅरागर याच्याबरोबर बसून, जे केलं त्याने इतरांना स्वतःचं काम सुधारावं लागलं. स्क्रीनपाशी उभं राहून फुलबॅकने (कडेच्या डिफेन्डरने) दोन पावलं आधी कुठे असायला हवं होतं ते दाखवायचं, आणि चूक झाली की पुढच्या आठवड्यात मान्य करायची, हे आपल्याला त्याच्यामुळे मागता यायला लागलं.

गोल झाला की एक्स्पर्ट एखाद्या डिफेन्डरभोवती स्क्रीनवर लाल वर्तुळ काढतात आणि सगळं खापर त्याच्यावर फोडतात. मला ते बघून वाईट वाटतं पण तो कसा चुकला नाही हे सांगता येत नाही. कसं बघायचं?

हा प्रश्न मला फार जवळचा आहे, मी कॉलेजात लेफ्ट बॅक होते आणि ते लाल वर्तुळ आपल्यावर काढलेलं कसं वाटतं ते मला माहितीये.

रिप्ले गोलच्या तीन सेकंद आधी सुरू होतो, तिथेच घोटाळा आहे. तुम्ही बारा-पंधरा सेकंद मागे जा. मी मध्ये एक गोल असाच पुढे-मागे करून बघत बसले होते, सेंटर बॅक (मधला डिफेन्डर) जागा सोडून बाहेर गेला म्हणून त्याच्यावर वर्तुळ काढलेलं. मागे गेले तर काय, विंगर बॉल गमावून कमरेवर हात ठेवून उभा. त्याच्यामागचा फुलबॅक एकटा आणि समोर दोघं. त्याचे दोन्ही पाय एका रेषेत, म्हणजे ना इकडे पळता येईल ना तिकडे, आणि मान सारखी मागे वळतेय, मदत कोण देतंय बघायला. ती मदत द्यायलाच सेंटर बॅक बाहेर आला आणि मधे खड्डा पडला. लाल वर्तुळ कुणावर यायला हवं होतं? पण विंगर तोपर्यंत फ्रेमच्या बाहेर होता आणि टीव्हीचा मेन कॅमेरा बॉलच्या मागे धावतो, बाकीचं मैदान आपल्याला दिसतच नाही. स्टुडिओवाल्यांना अख्खं मैदान दाखवणाऱ्या कॅमेऱ्याचं फुटेज मागवता येतं, म्हणजे आपल्याला जे दिसू शकत नाही ते दाखवणं हेच तर त्यांचं काम आहे! आपण जे बघितलं तेच स्लो मोशनमध्ये परत दाखवून काय मिळतं?

कॉर्नरचंही तेच. मॅन मार्किंगमध्ये (प्रत्येकाने समोरचा एकेक खेळाडू धरायचा) गोल खाल्ला की माणूस चुकला म्हणतात, झोनल मार्किंगमध्ये (प्रत्येकाने आपापली जागा सांभाळायची) गोल खाल्ला की पद्धतच चुकीची म्हणतात. हे मी इतकी वर्षं ऐकतेय की आता राग येतो.

एक्सजी (एक्स्पेक्टेड गोल्स, म्हणजे अपेक्षित गोल) हा आकडा २०१७ पासून बीबीसीच्या मॅच ऑफ द डेवरही दाखवतात म्हणे. माझा मुलगा त्यावरून वाद घालतो. माझ्या वयाच्या माणसाला कळेल असं सांगा.

काका, सोपं आहे. तशा जागेवरून, तशा परिस्थितीत मारलेले हजारो शॉट मोजून त्यातले किती आत गेले ते बघायचं, तो त्या शॉटचा आकडा. पेनल्टीचा साधारण ०.७८ धरतात, म्हणजे शंभरात ७८. अर्ध्या मैदानाच्या आसपासून मारला तर जवळपास शून्य.

आकडा चांगलाच आहे, टीव्हीवर वापरतात चुकीचा. नुसती बेरीज स्क्रीनवर टाकतात आणि म्हणतात या टीमने जिंकायला हवं होतं. आता हे बघा. एका टीमला ०.५ चे दोन चान्स मिळाले, दुसरीने लांबून ०.०५ चे वीस शॉट मारले. बेरीज दोघांचीही १. पण निदान एक गोल होण्याची शक्यता पहिलीची ७५ टक्के आणि दुसरीची ६४. बेरीज सारखी पण मॅच सारखी नाही, आणि त्या वीस शॉटना 'दबाव टाकला' म्हणून टाळ्या मिळतात. शिवाय बॉल बॉक्समधून आडवा गेला आणि कुणाचा पाय दोन इंचांनी चुकला तर शॉटच नाही, म्हणून सहसा आकडाही नाही. मुलाला सांगा, आकडा बघ आणि मग तो कुठल्या शॉटांतून आलाय ते बघ. एका मॅचवरून भांडू नका, दहा मॅचचे आकडे मांडा आणि मग खुशाल भांडा.

आमच्याकडे नवरा आणि दीर यांची 'शेवटचा डिफेन्डर होता म्हणजे लाल कार्ड' आणि 'बॉलला आधी पाय लागला म्हणजे फाउल नाही' यावरून दर मॅचला जुंपते. टीव्हीवरचे एक्स्पर्टही हेच बोलतात. खरं काय?

दोन्ही चूक, आणि टीव्हीवरून वर्षानुवर्षं हे ऐकवलं जातं हे मला खरंच खटकतं, कारण शिव्या मग रेफरीला पडतात.

'शेवटचा डिफेन्डर' असा शब्द नियमात नाहीच. नियम विचारतो, गोलची उघड संधी हिरावली का? त्यासाठी गोलपासूनचं अंतर, खेळ कुठल्या दिशेने चाललाय, बॉल त्याच्या ताब्यात राहिला असता का, आणि बचाव करणारे कुठे, किती आहेत हे बघतात. म्हणजे शेवटचा असूनही लाल नसू शकतं, उदाहरणार्थ बॉल कोपऱ्याकडे चालला असेल तर. आणि २०१६ पासून, बॉक्समध्ये बॉल खेळायच्या प्रयत्नात फाउल झाला आणि पेनल्टी दिली, तर संधी हिरावल्याबद्दल लालऐवजी पिवळं. ओढलं किंवा ढकललं असेल तर लालच.

बॉलला आधी पाय लागण्याचं म्हणाल तर नियम बघतो की टॅकल निष्काळजी होता, बेपर्वा होता की जास्तीच्या ताकदीने होता. निष्काळजी असेल तर नुसता फाउल, बेपर्वा असेल तर पिवळं, जास्तीची ताकद असेल तर लाल. बॉल मिळाला आणि मागून पायाचं हाडही मोडलं, तर बॉल मिळाल्याने काय फरक पडतो? एखादा माजी रेफरी स्टुडिओत बसवून हे वेळच्या वेळी सांगायला लावलं तर तुमच्या घरातली निम्मी भांडणं मिटतील.

मग आवाज बंद करूनच बघावं का?

मॅच चालू असताना नको, प्रेक्षकांचा आवाज गेला की मॅचचा जीव जातो, आणि चांगला समालोचक असेल तर तो गप्प कधी राहायचं हेही जाणतो. मी फक्त हाफ टाइमला बंद करते. ती पंधरा मिनिटं जाहिराती वजा करून उरतात किती, त्यात चार जणांना दोन-दोन वाक्यं, त्यात मैत्री सांभाळायची आणि क्लिप फिरेल असं काहीतरी बोलायचं, मग मॅच उलगडायला वेळ कुठून येणार? मी चॅनेल चालवत असते तर चारऐवजी दोघंच बसवले असते आणि एकच प्रसंग पूर्ण दाखवला असता.

तोवर एक करून बघा. पुढच्या मॅचची पहिली दहा मिनिटं बॉल सोडून द्या आणि डिफेन्सच्या पुढे खेळणारा एकच मिडफिल्डर बघा. बॉल त्याच्याकडे यायच्या आधी तो किती वेळा मान फिरवून मागे बघतो ते मोजा. जुन्या मॅचमधला बार्सिलोनाचा मिडफिल्डर झावी मिळाला तर तोच लावा, त्याची मान थांबतच नाही. मग हाफ टाइमला स्टुडिओतलं कुणी त्या माणसाचं नाव तरी घेतंय का ते ऐका, आणि मला लिहून कळवा.