ऑटोमॅटिक पिकअपने जड ट्रेलर ओढताना ओव्हरड्राइव्ह चालू ठेवावा की बंद? मायलेजवर किती फरक पडेल?

बंद. ओव्हरड्राइव्ह म्हणजे सगळ्यात वरचा गिअर, ज्यात इंजिन सावकाश फिरतं; बटणाने तो बंद केला की गाडी त्यात जातच नाही. चार गिअरचा जुना ऑटोमॅटिक असेल आणि मागे दीड-दोन टन असतील, तर चढ लागायच्या आधीच बटण दाबून मोकळे व्हा. "इंजिन उगाच ओरडतं" म्हणणारे भेटतील. आमच्या घरात एक आहे, माझा मेव्हणा.

मागे दोन टनांचा ट्रेलर, पुढे लांबलचक चढ. पायथ्याशी मी ओव्हरड्राइव्ह बंद केला, गाडी मेव्हण्याच्या हातात दिली आणि शेजारी बसून डोळे मिटले. जाग आली ती आवाजाने. इंजिन घुमतंय, दबतंय, पुन्हा घुमतंय. चौथा, तिसरा, चौथा, तिसरा. झालं असं, की साहेबांना डॅशबोर्डवर 'ओ/डी ऑफ'चा पिवळा दिवा दिसला. दिवा पेटलाय म्हणजे काहीतरी बिघडलंय, म्हणून त्यांनी बटण दाबून तो घालवला! दिवा विझला की ओव्हरड्राइव्ह चालू होतो, हे त्यांच्या गावीही नव्हतं. गाडी बाजूला घेईपर्यंत करपट वास सुटला होता. गिअरबॉक्सची डिपस्टिक फडक्यावर पुसली तर लाल असायला हवं ते तेल काळपट तपकिरी. पुढे मेकॅनिकने पॅन खोलून दाखवलं. तळाशी क्लचच्या अस्तराचा काळा गाळ, बोटाला लागला तर पेन्सिलीच्या शिशासारखा. अख्खा गिअरबॉक्स खोलून नव्याने बांधावा लागला. पैसे कोणी भरले ते विचारू नका.

मेव्हणा आजही म्हणतो, गाडीच जुनी होती. होतीच जुनी. पण हिशोब बघा. अशा गिअरबॉक्समध्ये ओव्हरड्राइव्हचा रेशो साधारण ०.७. तिसऱ्यात २८०० आरपीएमवर फिरणारं इंजिन त्याच वेगाला चौथ्यात १९६० वर येतं. तिथे चढावर ओढायला दम उरत नाही, म्हणून आपण ॲक्सिलरेटर आणखी दाबतो. मग टॉर्क कन्व्हर्टरचं (इंजिनची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) लॉकअप, म्हणजे थेट जोडणी, सुटतं, कन्व्हर्टर घसरायला लागतो आणि इंजिनची बरीचशी ताकद तेल तापवण्यात जाते. वर दर गिअर बदलाला क्लच घासतात ते वेगळंच. ८०-९० अंशांना हे तेल सुखात असतं, १२० च्या पुढे ते झपाट्याने खराब होतं. इंजिन ओरडलं तर ओरडू दे, त्याने गिअरबॉक्स जळत नाही.

उतारावरही बंदच ठेवा. इंजिनच गाडी धरून ठेवतं, ब्रेक कमी तापतात.

मायलेजचं म्हणाल, तर चढावर चौथा टिकतच नाही, तिथे वाचणार काय?

हां, सपाट रस्ता आहे, ट्रेलर हलका आहे आणि गाडी चौथ्यात न कुरकुरता टिकतेय, तर खुशाल चालू ठेवा. सहा-आठ-दहा गिअरच्या नव्या गाड्यांना यातलं फारसं लागू नाही. तिथे टो/हॉल मोड (ओझं ओढण्यासाठीची सेटिंग) लावा, बाकीचं गाडी बघते. भरधाव असताना मात्र बटण दाबू नका, आरपीएम एकदम उसळतो. आधी वेग कमी करा. गाडीचं मॅन्युअल वेगळं सांगत असेल, तर त्याचं ऐका.

आणि स्टिअरिंग दुसऱ्याला देणार असाल, तर तो पिवळा दिवा कशाचा, ते आधी सांगून ठेवा. मी सांगितलं नव्हतं, असं मेव्हण्याचं म्हणणं. मी सांगितलं होतं.