आजी लीड्सची, मग पासपोर्ट मिळेल का?

अनघा, तुझ्या आईनं तुझा प्रश्न माझ्यापर्यंत पोचवला. तुझी आजी १९३४ साली इंग्लंडमधल्या लीड्सला जन्मली, १९५८ मध्ये आजोबांशी लग्न करून पुण्याला आली, बाबा १९६१ साली पुण्यात झाले आणि तू १९९४ साली. आता एक एजंट म्हणतोय की आजीच्या जोरावर तुला थेट ब्रिटिश पासपोर्ट काढून देतो, आणि त्यासाठी आगाऊ रक्कम मागतोय. आधी हेच सांगते: ती रक्कम देऊ नकोस. थेट पासपोर्ट तुला मिळणार नाही. पण इकडे ब्रिटनला येऊन नोकरी करण्याची एक चांगली वाट आजीमुळे तुला खरोखर मोकळी आहे. माझी आजीही इंग्रजच होती आणि मी त्याच वाटेनं आले, म्हणून सविस्तर लिहिते.

ब्रिटनबाहेर जन्मलेल्या मुलाला आपोआप मिळणारं नागरिकत्व साधारणपणे एकाच पिढीपर्यंत पोचतं. बाबांच्या जन्माच्या वेळी तर ते फक्त वडिलांकडून मिळायचं, आईकडून नाही. लीड्सला आजीऐवजी आजोबा जन्मले असते तर बाबा जन्मतःच ब्रिटिश ठरले असते. आईलाही हा हक्क मिळाला तो १ जानेवारी १९८३ पासून, म्हणजे १९८१ चा ब्रिटिश नागरिकत्व कायदा लागू झाल्यावर. त्याआधी जन्मलेल्यांवरचा अन्याय पुढे दुरुस्त झाला. कायद्याच्या ४ सी कलमाखाली, यूकेएम नावाचा फॉर्म भरून, बाबा आजही नागरिक म्हणून नोंदणी करू शकतात. मात्र ती नोंदणी त्या दिवसापासूनच धरली जाते, मागच्या तारखेनं नाही, आणि असं वंशानं आलेलं नागरिकत्व ब्रिटनबाहेर जन्मलेल्या मुलांना आपोआप पुढे जात नाही. म्हणून बाबा उद्या ब्रिटिश झाले तरी तुझ्या हाती काही येत नाही. एजंट नेमकं हेच लपवतोय.

तुझ्या चुलतभावाच्या मैत्रिणीला पासपोर्ट मिळाला म्हणतेस, तिचं प्रकरण वेगळं असणार. साठ-सत्तरच्या दशकात आपल्याकडचे कितीतरी डॉक्टर इथे नोकरीला होते. त्यांची जी मुलं १९८३ पूर्वी इथे जन्मली ती जन्मानंच नागरिक, आणि त्यांच्या पोटी पुढे भारतात जन्मलेली मुलंही बहुतेक आपोआप. ‘आजोबा ब्रिटिश राज्यात जन्मले’ एवढ्यावर मात्र काहीच मिळत नाही. जन्म ब्रिटनमध्येच व्हायला हवा.

बाबांसाठी आणखी एक गोष्ट, जी फार कमी लोकांना ठाऊक असते. १९८३ पूर्वी जन्मलेला राष्ट्रकुलातला (भारतही त्यात येतो) नागरिक, ज्याच्या जन्माच्या वेळी आई किंवा वडील ब्रिटनमध्ये जन्मल्यामुळे तिथले नागरिक होते, त्याला ‘राइट ऑफ अबोड’ असतो. म्हणजे भारतीय पासपोर्ट न सोडता इथे हवं तेवढं राहता येतं, काम करता येतं. त्याचं सर्टिफिकेट काढावं लागतं. बाबांचं वय आणि गावची शेती बघता मी त्यांना यूकेएमपेक्षा हेच सुचवेन.

आता तू. तुझ्यासाठी आहे अॅन्सेस्ट्री व्हिसा, म्हणजे पूर्वजांच्या आधारावर मिळणारा. राष्ट्रकुलातलं नागरिकत्व, वय किमान १७ आणि आजी-आजोबांपैकी एकाचा ब्रिटनमधला जन्म, एवढ्यावर तो मिळतो. आईकडची आजी असो वा बाबांकडची, फरक पडत नाही. पणजी मात्र चालत नाही. मालकानं स्पॉन्सर करावं लागत नाही, पगाराची किमान अट नाही. काम करण्याचा इरादा आणि तयारी दाखवावी लागते आणि सुरुवातीच्या खर्चाचे पैसे. मी माझा बायोडेटा आणि केलेल्या अर्जांच्या प्रती जोडल्या होत्या. भारतातून अर्ज करताना टीबीची तपासणीही लागते. व्हिसा पाच वर्षांचा. अर्ज ब्रिटनबाहेरूनच करायचा. ‘आधी विद्यार्थी म्हणून जाते, मग बदलून घेते’ हा तुझा बेत चालणार नाही, तो सोडच. खर्चात आरोग्य सरचार्ज, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा वापरण्यासाठी आगाऊ भरायची रक्कम, सगळ्यात जड: फेब्रुवारी २०२४ पासून वर्षाला १,०३५ पौंड, म्हणजे पाच वर्षांचे ५,१७५ पौंड एकदम, आणि व्हिसाची फी वेगळी.

पाच वर्षांनी कायम वास्तव्य आणि मग साधारण एक वर्षानं नागरिकत्व, असा माझ्या वेळचा क्रम होता. मे २०२५ मध्ये सरकारनं कायम वास्तव्याची सर्वसाधारण मुदत दहा वर्षांवर न्यायचा प्रस्ताव मांडला, त्यामुळे अर्ज करायच्या आठवड्यात सरकारी संकेतस्थळावर नियम पुन्हा वाच.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो कागदांत. आजीचा जन्मदाखला, आजी-आजोबांच्या लग्नाचा दाखला, बाबांचा जन्मदाखला, आई-बाबांच्या लग्नाचा आणि तुझा स्वतःचा, अशी अखंड साखळी लागते. आजीचा दाखला सोपा: इंग्लंडच्या जनरल रजिस्टर ऑफिसकडून ऑनलाइन मागव, पण आई-वडिलांची नावं असलेला पूर्ण दाखला माग, छोटा नको. अडतं ते आपल्याकडे. माझी आजी जन्मानं डोरोथी. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं तिचं नाव लिहिलं गेलं, देवकी. माझ्या वडिलांच्या नगरपालिकेच्या दाखल्यात आईचं नाव देवकी, आणि बाळाच्या नावाची जागा कोरी, कारण बारसं व्हायच्या आधीच नोंद झाली होती. कागदावर डोरोथी आणि देवकी या दोन वेगळ्या बायका! सहा महिने मी यातच घालवले. शेवटी आत्याच्या माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत, जरीच्या दोन साड्यांखाली, आजीचा जुना निळा पासपोर्ट सापडला. आत विवाहानंतरचं आडनाव होतं आणि शाईनं केलेली मुंबई बंदरातली नोंद. तो, लग्नाचा दाखला आणि आत्याचं प्रतिज्ञापत्र एकत्र जोडल्यावर साखळी पुरी झाली. तुझ्या बाबांच्या दाखल्यात नाव नसेल तर महापालिकेत जाऊन ते आताच चढवून घ्या, आणि मराठी कागदांचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून ठेव.

एक गोष्ट शांतपणे ठरव. व्हिसावर असेपर्यंत तू भारतीयच राहतेस. ब्रिटिश नागरिकत्व घेतलंस की भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे भारतीय नागरिकत्व संपतं. भारतीय पासपोर्ट जमा करायचा आणि ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचं कार्ड, घ्यायचं. मतदान जातं, शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशानं आलेली मात्र ठेवता येते. माझा पासपोर्ट जमा केला तेव्हा मी खिडकीपाशी बराच वेळ उभी होते.

या रविवारी बाबांना घेऊन आजीची ट्रंक उघड. लग्नाचा दाखला हाती लागला की त्याचा फोटो मला पाठव. नाव कसं लिहिलंय ते बघून पुढचं सांगते.

तुझी,
मावशी