पैठणच्या वाळूत हिरे सापडतील का? आणि हिरे शोधणारे जुनी हाडं का तपासतात?

गोदावरीच्या वाळूत तुम्हाला चमकणारे खडे मिळालेत, ते हिरे असतील का, हा तुमचा पहिला प्रश्न. नाही. नदी वरच्या अंगाला जे असतं तेच वाहून आणते आणि पैठणच्या वर थेट नाशिकपर्यंत काळा पाषाण आहे, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. हिरा जमिनीखाली दीडशे किलोमीटरहून खोल तयार होतो आणि किंबरलाइटसारख्या ज्वालामुखी खडकांतून वर येतो. कृष्णेच्या खोऱ्यात ते खडक आहेत, तिच्या काठी आंध्रातल्या कोल्लूरला हिरे निघाले. तुमच्याकडचे खडे गारेचे किंवा अकीकाचे असणार.

दुसरा प्रश्न, हिरे शोधणारे जुनी हाडं का तपासतात, हा मला जास्त आवडला. हिऱ्याची घनता 3.5, गारेची 2.65. जड असल्यामुळे हिरा पुरात तळाच्या गोट्यांत आणि रांजणखळग्यांत अडकतो. पुढे नदी खोल कापत जाते आणि तिचे जुने थर काठावर उंच राहून जातात. त्यातला हिऱ्यांचा थर कोणता? गोटे सगळीकडे सारखेच दिसतात, त्यांच्यावरून वय ठरत नाही. हाडांवरून, विशेषतः दातांवरून, ठरतं, कारण प्राणी काळानुसार बदलत गेले. एका थरात हिरे मिळाले की त्याच काळातले थर नदीच्या वरखाली कुठे आहेत, ते मग शोधता येतं.

नामिबियात ऑरेंज नदीकाठी, हिऱ्यांच्या मुलखात, ॲरिसड्रिफ्टला सुमारे 1.7 कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्यांची हाडं मिळाली. भूशास्त्रज्ञ गुड्रुन कोर्विनस यांनी जीवाश्मतज्ज्ञ क्विंटन हेंडींबरोबर 1978 साली त्यावर लिहिलं. याच बाईंनी त्याआधी, 1960 च्या दशकात, आपल्या शेजारच्या नेवाशाला प्रवरेकाठी चिरकी इथं आदिमानवाची दगडी हत्यारं खणून काढली होती! हे आपल्याकडच्या शाळांत कुणी सांगत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

हिरे नसले तरी हाडं मराठवाड्यातही आहेत. लातूर जिल्ह्यात मांजरेकाठी प्राचीन हत्ती आणि पाणघोड्यांचे अवशेष मिळालेत. चुनखडीनं घट्ट झालेल्या गोट्यांच्या थरात तपकिरी तुकडा दिसला, हातात दगडासारखा जड लागला आणि तुटलेल्या कडेला बारीक छिद्रांची जाळी दिसली, तर ते हाड समजा. वाळू उपसणारे जेसीबी हे थर रोज फोडतात. तुम्हाला थरात रुतलेलं असं काही दिसलं तर उपटू नका. शेजारी पेन ठेवून फोटो काढा, थर पाण्यापासून किती उंच आहे ते लिहून ठेवा आणि जवळच्या कॉलेजातल्या भूशास्त्राच्या सरांना दाखवा.