नालीच्या ढाप्यावरची स्टँडी आणि बिनपावतीचे पाच हजार

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून कृषी केंद्रवाल्या भाऊंनी विचारलं आहे, नाव-गाव देत नाही. मृगाच्या आधी त्यांनी अँगलची, दोन्ही बाजूंनी फ्लेक्स लावलेली स्टँडी करून घेतली, कपाशी-सोयाबीनचं बियाणं आलं म्हणून, आणि दुकानासमोर नालीच्या ढाप्यावर ठेवली. बाजाराच्या दिवशी नगरपंचायतीचे लोक ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन आले अन् उचलून घेऊन गेले, वरून पाच हजार भरा तेव्हाच बोर्ड मिळेल म्हणाले, पावती मागितली तर साहेबांना विचारा. आता नोटीस न देता उचलता येते का, पैसे भरायचे का, आणि स्टँडी परत ठेवता येईल का, असं विचारून राहिले.

भाऊ, कडू आधी सांगून टाकतो. स्टँडीच्या बाबतीत तुमची बाजू कमजोर आहे. ढापा तुम्ही स्वतःच्या पैशानं टाकला असं तुम्ही लिहिलं, पण त्यानं नाली तुमची होत नाही, ती रस्त्याचाच भाग. तुमच्या गावात फुटपाथ नावाची वस्तूच नाही हे मला माहीत आहे, पण माणसं चालतात ती त्या ढाप्यांवरूनच ना, आणि तुमची स्टँडी तिथं असली की शाळेतली पोरं आणि म्हातारी माणसं खाली ट्रॅव्हल्सच्या रस्त्यावर उतरतात. मे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की मोकळ्या फुटपाथवरून चालता येणं हा घटनेच्या 21 व्या कलमातला, म्हणजे जगण्याचा, हक्क आहे. आता कोणताही अधिकारी हे वाक्य पहिल्यांदा तोंडावर फेकेल.

नोटिशीचं म्हणाल तर सुप्रीम कोर्टाच्या 1985 च्या ओल्गा टेलिस खटल्यातल्या निकालाचा दाखला लोक देतात, की हटवण्याआधी म्हणणं ऐकून घ्या. बरोबर आहे, पण ते मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्या माणसांच्या झोपड्यांबद्दल होतं, आणि त्यातही कोर्टानं फुटपाथ चालण्यासाठीच आहे असंच म्हटलं. तुमची स्टँडी तर संध्याकाळी तुम्हीच उचलून आत घेता. नगरपरिषद कायद्यात (1965 चा, नगरपंचायतीलाही तोच लागतो) मुख्याधिकाऱ्याला रस्त्यावरचा अडथळा हटवायचा अधिकार आहे, त्यामुळे नुसत्या नोटिशीवर भांडायला मी तुमची फी घेणार नाही. बाजूच्या मोबाईलवाल्याची स्टँडी तशीच उभी आहे हा राग मला समजतो, पण दुसऱ्याचं चुकीचं चालू आहे म्हणून माझंही चालू द्या हे घटनेच्या 14 व्या, समानतेच्या, कलमाखाली मागता येत नाही, आणि अर्जात त्याचं नाव लिहिलं तर बाजारात एक दुश्मन तेवढा वाढेल.

पैशाची गोष्ट मात्र वेगळी आहे, इथं तुमची बाजू भक्कम. हे पाच हजार आले कुठून? मला वाटतं कोणीतरी भारतीय न्याय संहितेच्या 285 कलमाचा आकडा ऐकला असेल, सार्वजनिक रस्त्यावर अडथळा केला तर पाच हजारांपर्यंत दंड (1 जुलै 2024 च्या आधी जुन्या 283 कलमात हाच दंड दोनशे रुपये होता). पण तो दंड कोर्ट ठरवतं, ट्रॉलीवर बसलेला माणूस नाही, आणि "पर्यंत" या शब्दालाही काही अर्थ आहे. दुसरा कायदा मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्धचा, 1995 चा, त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पण तेही कोर्टातच, शिवाय उचलून नेता येणाऱ्या स्टँडीला तो लागू होतो का यावर मला चांगला वाद घालता येईल. नगरपंचायतीनं ठराव करून उचलण्याचा खर्च किंवा शुल्क ठरवलं असेल तर ते घेता येतं, पण मग ठराव दाखवा आणि पावती फाडा. बिनपावतीचा एक रुपयाही देऊ नका, ओळखीचा माणूस दोन हजारात मिटवून देतो म्हणाला तरी नाही.

आता काम सांगतो. मुख्याधिकाऱ्यांच्या नावानं साधा अर्ज लिहा, अमुक तारखेला अमुक मापाची लोखंडी स्टँडी नेली, पंचनामा किंवा जप्तीची यादी दिली नाही, कोणत्या कलमाखाली नेली आणि कोणत्या ठरावाप्रमाणे किती रक्कम भरायची ते लेखी कळवावं, नियमाप्रमाणे भरायला तयार आहे. हे शेवटचं वाक्य गाळू नका. दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का घ्या, बाबू टाळाटाळ करत असेल तर स्पीड पोस्टानं पाठवा. सोबत माहिती अधिकाराचा अर्ज टाका, दहा रुपये लागतात, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, त्यात फक्त ठरावाची प्रत आणि दराचा तक्ता मागा, बाकी पाल्हाळ नको. माझा अनुभव असा आहे की ठराव नसला की तीस दिवस थांबायची वेळच येत नाही, स्टँडी आपोआप सापडते.

तुम्ही असंही लिहिलं की साठा आणि भाव लावणं कृषी विभागाचाच नियम आहे, मग उचलतात काऊन? नियम खरा आहे, बियाण्याचा 1983 चा आदेश आणि खताचा 1985 चा, दोन्हींत आहे, पण तो फलक तुमच्या विक्रीच्या जागेत लावायचा आहे, रस्त्यावर नाही. त्याचं भांडण इथं आणाल तर कृषी अधिकारी दुकानात येऊन साठा रजिस्टर पाहतील, आणि रजिस्टर रोजच्या रोज भरलेलं आहे का ते तुम्हालाच माहीत.

परत ठेवायची तर स्वतःच्या जागेत ठेवा. ओटा कुठं संपतो हे अंदाजानं सांगू नका, आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा, तुमच्याकडची बरीच दुकानं नझुलच्या, म्हणजे सरकारी, जागेवर आहेत आणि लीजच्या नकाशात ओटा नसतोच. आणि समोरचा रस्ता राज्यमार्ग असेल तर नगरपंचायतीची परवानगी घेऊनही भागत नाही, तो बांधकाम खात्याचा, त्यांच्या उपविभागात विचारून घ्या. सगळ्यात सोपं म्हणजे फ्लेक्स शटरच्या वरच्या पट्टीत बसवा, मात्र दुकानाचं नाव मराठीत, देवनागरीत, आधी आणि दुसऱ्या भाषेपेक्षा लहान नको, ते 2022 पासून लहान दुकानांनाही लागू आहे.

आणखी एक, तुम्ही पाठवलेल्या फोटोत ती स्टँडी विजेच्या खांबाला दोरीनं बांधलेली दिसते. वावधन सुटलं आणि ती उडून एखाद्या मोटरसायकलवाल्यावर पडली तर भरपाई नगरपंचायतीला नाही, तुम्हाला मागतील. सोडवून आणल्यावर ती दोरी पहिले काढा.