ट्युनिशियातल्या गाफ्सा शहरात उतरण्यासारखं काही आहे का?

तुम्ही लिहिलंय की ट्युनिसहून टोझरला निघालात, वाटेत गाफ्सा लागतं, गाइडबुकात त्याला जेमतेम अर्धं पान दिलंय, तर तिथे दोन रात्री काढाव्यात की तसंच पुढे जावं.

उतरा. पण ‘पॉइंट’ बघायला म्हणून उतरलात तर मला शिव्या घालाल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी मूळचा तासगावचा. पुढे गाफ्सापासून दीडेकशे किलोमीटरवर, स्खिरा नावाच्या किनाऱ्यावरच्या गावात, फॉस्फोरिक आम्लाच्या कारखान्यात तीन वर्षं काढली. आमच्याकडचा कच्चा माल, म्हणजे फॉस्फेटचा दगड, गाफ्साच्या खोऱ्यातून यायचा. आधी कामासाठी तिकडे जायचो, मग बिनकामाचा जायला लागलो. आमच्या घरी द्राक्षबाग. लहानपणापासून ‘अठरा-सेहेचाळीस’ची, म्हणजे डीएपी खताची, पोती उचललेली. त्यातला अठरा म्हणजे नत्र आणि सेहेचाळीस म्हणजे स्फुरद, एवढं कृषी सेवा केंद्रातल्या पोऱ्यालाही माहीत असतं. पण ते स्फुरद येतं कुठून, हे मला पस्तिशी उलटल्यावर मेटलावीच्या खाणीच्या काठावर उभं राहिल्यावर कळलं. ट्युनिशियाचं आम्ल वर्षानुवर्षं जहाजांनी भारतात येतं आणि इथे त्यात अमोनिया मिसळून डीएपी होतं. स्खिराचा कारखाना तर ट्युनिशियन आणि भारतीय कंपन्यांच्या भागीदारीतच उभा राहिला. तुमच्या घरी शेती असेल तर गाफ्साशी तुमचा संबंध आधीच आहे.

पोचण्याचं सांगतो. ट्युनिसहून साडेतीनशे किलोमीटर. बस आहे, पण लुआज बरी. लुआज म्हणजे त्यांचं वडाप: आठ सिटं भरली की सुटणार, वेळापत्रक नाही. लांब पल्ल्याच्या गाडीवर लाल पट्टा असतो, जिल्ह्यातल्या गाडीवर निळा. आपल्याकडच्यासारखं दाराला लोंबकळावं लागत नाही, आठ म्हणजे आठच.

नावाची गंमत अशी की लिहिताना ते ‘क़ाफ’ या अरबी अक्षरानं (घशातला क) लिहितात, बोलताना मात्र स्वच्छ ‘ग’ म्हणतात. रोमन काळात हे काप्सा होतं. उत्तर आफ्रिकेतल्या एका अश्मयुगीन संस्कृतीला पुरातत्त्ववाल्यांनी कॅप्सियन नाव दिलंय ते याच गावावरून. त्या लोकांनी गोगलगायी खाऊन टाकलेल्या शंखांचे आणि राखेचे ढीग आसपासच्या माळावर अजून सापडतात. स्थानिक त्यांना रम्मादिया म्हणतात. लांबून पाहिलं तर नांगरून टाकलेला उकिरडा वाटतो, एवढंच.

इतिहासात हे गाव पाण्यामुळे गाजलं आणि पाण्यापायीच फसलं. इ.स.पू. 107 मध्ये रोमन सेनापती मारियस नुमिडियाचा राजा जुगुर्था याच्या मागावर इथे आला. चहूकडे वाळवंट आणि गावात एकच बारमाही झरा, असं वर्णन रोमन इतिहासकार सॅलस्टनं करून ठेवलंय. मारियसनं रात्री-रात्री चालत येऊन पहाटे गाव गाठलं. लोक शरण आले, तरी गाव जाळलं, मोठी माणसं मारली, उरलेली विकली. हे युद्धनीतीला धरून नव्हतं, हे खुद्द सॅलस्टच लिहितो. पुढे रोमनांनीच ते पुन्हा वसवलं. आणखी एक गोष्ट मला फार आवडते: बाराव्या शतकात अरब भूगोलकार अल-इद्रीसी लिहितो की गाफ्साचे बरेच लोक अजून ‘आफ्रिकी लॅटिन’ बोलतात. अरब येऊन साडेचारशेहून जास्त वर्षं झाली होती तेव्हा.

गावात आहेत ती रोमन कुंडं. आपल्या बारवेची आठवण येईल अशी, घडीव दगडांची, उघडी, भिंतीत लॅटिन अक्षरं कोरलेली. पूर्वी खालच्या झऱ्यांनी ती आपोआप भरत, आणि पोरं बाजूच्या खजुरीवर चढून पाहुण्यांच्या नाण्यांसाठी उड्या मारत. मग भूजलाचा उपसा वाढला आणि झरे आटत गेले. मी पाहिली तेव्हा तळाशी हिरवट थर होता. काठावरचे म्हातारे बाबा मात्र तासन्‌तास त्या कुंडाकडेच बघत बसलेले. बाजूचा कसबा, म्हणजे किल्ला, पंधराव्या शतकातला, हफ्सी राजवटीचा. अर्ध्या तासात बघून होतो.

मरूद्यान सोडू नका. टोझरला खजूरच खजूर. इथे वर खजूर, मध्ये ऑलिव्ह, जर्दाळू, डाळिंब आणि खाली भाजीपाला, अशी तीन मजली शेती. गोव्याच्या कुळागरात वाढलेल्या माणसाला समजावून सांगावं लागणार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं जगातल्या वारसा-शेतीच्या यादीत ती घेतली आहे. जवळच्या एल गेत्तारचे पिस्ते नावाजलेले आहेत, किलोभर घेऊनच या.

आता मुख्य गोष्ट. 1885 मध्ये फिलिप तोमा नावाचा फ्रेंच लष्करातला गुरांचा डॉक्टर, भूगर्भशास्त्राचा नाद असलेला, मेटलावीजवळच्या डोंगरात फिरताना फॉस्फेटच्या थरांवर आला. 1897 मध्ये कंपनी निघाली आणि दोन वर्षांत स्फाक्स बंदरापासून मेटलावीपर्यंत मीटरगेज रेल्वे पोचली. मजूर आणले त्रिपोलीहून, अल्जीरियातल्या सूफ आणि काबिलियाहून, सार्डिनिया-सिसिलीहूनही. ज्या माळावर मेंढरं चरत होती तिथे मेटलावी, रेदेयेफ, उम्म लअराएस, म्दिल्ला ही खाणगावं उठली. कंपनीच कामावर घेणार, कंपनीच घर देणार, दवाखानाही कंपनीचाच.

गाफ्साहून मेटलावी चाळीसेक किलोमीटर. तिथून सेल्जाच्या घळीतून ‘लाल पाल’ नावाची जुनी गाडी जाते. ती चालू-बंद होत असते, आधी स्टेशनवर विचारा. पण मी म्हणेन, मेटलावीच्या टपरीवर कॉफी घ्या आणि नुसतं बसा. करडी धूळ टेबलावर, पानांवर, बुटांवर. पोरं शार्कचे दात विकायला येतील. ते खरेच असतात, कारण हा फॉस्फेट म्हणजे पाच-साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचा समुद्राचा तळ.

आणि माणसांचे दात बघा. (बघा म्हणजे टक लावून नव्हे.) तपकिरी डाग असलेले. या खनिजात फ्लोराइड असतं, ते पाण्यात उतरतं. चंद्रपूर-नांदेडच्या काही गावांत हेच पाहिलेलं असेल तर लगेच ओळखाल. माझा एक सहकारी हसताना तोंडावर हात धरायचा. मला वाटायचं लाजतो. नंतर कळलं, तो गाफ्साचा.

पाण्याचा आणखी एक हिशोब आहे. दगड धुतल्याशिवाय विकता येत नाही, आणि धुवायला लागतं ते जमिनीतलंच गोडं पाणी. गाळ ओढ्यात सोडतात आणि उन्हाळ्यात गावातल्या नळाला पाणी नसतं. तिथल्या लोकांशी बोलताना राग फॉस्फेटवर नसतो, तो या हिशोबावर असतो: माल आमचा, धूळ आमची, पाणी आमचं, आणि नोकऱ्या कुणाच्या? 5 जानेवारी 2008 ला फॉस्फेट कंपनीच्या भरतीचा निकाल लागला तेव्हा हेच उफाळलं. यादीत वशिल्याची नावं आहेत असं म्हणत रेदेयेफचे बेकार पदवीधर आणि खाणीत मेलेल्यांच्या विधवा रस्त्यावर आल्या. तंबू ठोकून मालगाड्या अडवल्या. अदनान हाज्जी नावाचा शाळामास्तर पुढाऱ्यांपैकी एक. हे सहा महिने चाललं. शेवटी गोळीबार, अटका, तुरुंगवास. सरकारी टीव्हीवर चकार शब्द नव्हता. अडीचेक वर्षांनी शंभरेक किलोमीटरवरच्या सीदी बूझीदमध्ये एका फेरीवाल्यानं स्वतःला पेटवून घेतलं आणि मग उठाव होऊन राजवट कशी कोसळली ते साऱ्या जगानं पाहिलं. गाफ्साकडचे लोक ‘क्रांती 2011 ची’ म्हटलं की लगेच दुरुस्ती करतात: 2008 ची.

क्रांतीनंतर मात्र नोकरी मागणारे पुन्हा रुळांवर बसले. 2010 मध्ये जे उत्पादन वर्षाला ऐंशी लाख टनांच्या घरात होतं, ते पुढच्याच वर्षी निम्म्याच्याही खाली गेलं. आमच्या कारखान्यात दगड न आल्यानं काम थांबलं की मी वैतागायचो. रेदेयेफला जाऊन आल्यावर वैताग गेला नाही, पण कुणावर काढावा ते कळेनासं झालं.

2014 च्या उन्हाळ्यात एक अजबच घडलं. उम्म लअराएसच्या रस्त्यावर, गाफ्सापासून पंचवीस किलोमीटरवर, जिथे काहीच नव्हतं तिथे मेंढपाळांना अचानक तळं दिसलं. आधी निळंशार, मग शेवाळानं हिरवं. फॉस्फेटचा प्रदेश आहे, पाणी दूषित असू शकतं, उतरू नका, असं अधिकारी सांगत राहिले. लोक छत्र्या आणि पोरंबाळं घेऊन पोहायला गेले. त्याला नाव पडलं ‘गाफ्सा बीच’. चाळीस अंशांच्या वर उन्हाळा आणि समुद्र दीड-दोनशे किलोमीटरवर, मीही गेलो असतो.

खाण्याचं: म्तबगा नक्की मागा. कांदा, टोमॅटो, मिरची भरून तव्यावर भाजलेली रव्याची जाड पोळी. आपल्या भरल्या पराठ्याची चुलत बहीण, तिखटाला हरिस्सा. हंगामात गेलात तर लाग्मी मिळेल, म्हणजे खजुरीची नीरा. सकाळी गोड असते, ऊन चढल्यावर प्यायलात तर जबाबदारी तुमची.

एक भाषेचं सांगून ठेवतो. आपल्याला तिथे ‘हिंदी’ म्हणतात, म्हणजे भारतीय. पण ट्युनिशियात ‘हिंदी’ म्हणजे फड्या निवडुंगाचं फळही. उन्हाळ्यात हातगाडीवाला ‘हिंदी! हिंदी!’ ओरडत मागून आला तर वळून ओ देऊ नका. मी दिली होती. त्यानं हसत हसत चार फळं सोलून हातावर ठेवली आणि पैसे घेतले नाहीत. अशा वेळी ‘यऐशक’ म्हणायचं, म्हणजे ‘देव तुला जगवो’. आभाराला तिकडे हाच शब्द.

तेव्हा पहिला दिवस गावात आणि मरूद्यानात, दुसरा मेटलावी-रेदेयेफला. रेदेयेफहूनच पुढे मिदेस, तामेर्झा, शेबिका ही डोंगरातली मरूद्यानं करत टोझरला उतरता येतं. 1969 च्या पुरानंतर ओस पडलेली जुनी गावं तिथेच आहेत. वाटेत कुणाच्या खाणीचा, गाडीचा, पोलिसाचा फोटो विचारल्याशिवाय काढू नका. आणि पिस्ते एल गेत्तारचेच आहेत ना, ते दोनदा विचारा.