इनडायरेक्ट स्पीचचा तक्ता पाठ असूनही वाक्ये का चुकतात?

आपण विचारले आहे की, देवगडला बारावीत शिकणाऱ्या आपल्या धाकट्या बहिणीला काळ बदलण्याचा संपूर्ण तक्ता तोंडपाठ असूनही इनडायरेक्ट स्पीचची, म्हणजे दुसऱ्याचे बोलणे आपल्या वाक्यात सांगण्याची, वाक्ये परीक्षेत हमखास चुकतात, ती का आणि त्यावर उपाय काय. मी रत्नागिरी जिल्ह्यात कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो आणि दरवर्षी उत्तरपत्रिकांत याच चुका पाहतो. त्यावरून माझे मत असे झाले आहे की या चुकांचे मूळ तक्त्यात नसून, दुसऱ्याचे बोलणे सांगण्याच्या आपल्या मराठी रीतीत आहे. ती रीत एकदा नीट ओळखली की तक्त्याची गरज बरीच कमी होते.

‘रमेश म्हणाला की मी उद्या येतो’ हे वाक्य घ्या. यातला ‘मी’ म्हणजे रमेश, ‘उद्या’ हा रमेश बोलला त्या दिवसाचा उद्या आणि ‘येतो’ हे क्रियापदही त्याच्याच तोंडचे. सांगणारा माणूस ‘की’ म्हणतो आणि तिथून पुढे रमेशच्या जागी उभा राहून बोलतो. मालवणीत तर ‘की’चीही गरज पडत नाही, ‘तो म्हणालो, मी उद्या येतंय’ एवढ्याने काम भागते. इंग्रजीत मात्र सांगणारा स्वतःची जागा सोडत नाही. कोण, कुठे, केव्हा हे सर्व तो स्वतःच्या बाजूने ठरवतो, म्हणून रमेश त्याच्या दृष्टीने ‘ही’, म्हणजे ‘तो’, होतो, ‘विल’चे ‘वुड’ होते आणि ‘टुमॉरो’चे ‘द नेक्स्ट डे’ होते. ‘रमेश सेड दॅट आय विल कम टुमॉरो’ असे लिहिणाऱ्या मुलीने खरे तर मराठी वाक्य इमानाने इंग्रजीत आणलेले असते. पण इंग्रजी वाचणारा त्याचा अर्थ ‘उद्या मी, म्हणजे हे वाक्य लिहिणारी मुलगी, येणार आहे’ असा घेतो. योग्य वाक्य ‘रमेश सेड दॅट ही वुड कम द नेक्स्ट डे’ असे होईल.

काळ एक पायरी मागे का जातो, हेही याच दृष्टीने पाहावे. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारी बंद असते. समजा, अधिकारी जूनमध्ये म्हणाले, ‘फिशिंग इज क्लोज्ड टिल द थर्टी-फर्स्ट ऑफ जुलै.’ त्याच आठवड्यात हे कुणाला सांगताना ‘ही सेड दॅट फिशिंग इज क्लोज्ड’ म्हटले तरी इंग्रजी चुकत नाही, कारण बंदी अजून चालू आहे. ‘वॉज क्लोज्ड’ही चालेल. तेच डिसेंबरमध्ये सांगायचे असेल तर मात्र ‘वॉज’च हवे. ‘चंद्रामुळे भरती-ओहोटी होते’ यासारखे विधान कधीही सांगितले तरी खरेच असते, म्हणून ‘द टीचर सेड दॅट द मून कॉझेस टाइड्स’ यात वर्तमानकाळ तसाच राहतो. बोर्डाच्या परीक्षेपुरते सांगायचे तर त्रिकालाबाधित सत्य वगळता सर्वत्र काळ मागे नेणेच सुरक्षित, कारण तपासणाऱ्याला तेच अपेक्षित असते. पण हा परीक्षेचा संकेत आहे आणि भाषेची मुभा त्याहून मोठी आहे, हे बहिणीला जरूर सांगावे.

सर्वांत जास्त गुण मात्र प्रश्नार्थक वाक्यांत जातात. दाभोळच्या जेटीवर एखाद्या प्रवाशाने ‘व्हेन डज द लास्ट फेरी लीव्ह?’ असे विचारले, तर ते सांगताना मुले ‘ही आस्क्ड मी दॅट व्हेन डिड द लास्ट फेरी लेफ्ट?’ असे लिहितात. या एका वाक्यात चार चुका आहेत. ‘दॅट’ आला तो ‘विचारले की’मधल्या ‘की’मुळे, इंग्रजीत ‘आस्क्ड’नंतर प्रश्नशब्द असेल तर ‘दॅट’ येत नाही, प्रश्नशब्दच दोन वाक्ये जोडतो. ‘डिड’ राहिला, कारण ‘डज’चा भूतकाळ ‘डिड’ हे पाठ आहे. पण इथे तो प्रश्नच उरलेला नसल्यामुळे ‘डज’ जातो आणि त्याच्या जागी काहीही येत नाही. ‘डिड’पुढे ‘लेफ्ट’ तर कुठल्याच वाक्यात चालत नाही. शेवटचे प्रश्नचिन्हही अनाठायी आहे, कारण संपूर्ण वाक्य आता विधान झाले आहे. बरोबर वाक्य एवढेच: ‘ही आस्क्ड मी व्हेन द लास्ट फेरी लेफ्ट.’

यात मला नेहमी एका गोष्टीची गंमत वाटते. मराठीत प्रश्न विचारताना शब्दांचा क्रम उलटत नाही. ‘तू कुठे जात आहेस?’ आणि ‘तू घरी जात आहेस’ यांची रचना एकच आहे. इंग्रजी प्रश्नातली उलटापालट मुले पाचवी-सहावीपासून घोकून घोकून शिकतात आणि इनडायरेक्ट स्पीचमध्ये ती सोडून सरळ क्रमावर, म्हणजे मराठीसारख्याच क्रमावर, परत यायचे असते. सोपे व्हायला हवे ते कष्टाने शिकलेल्या गोष्टीमुळे अवघड होऊन बसते. म्हणून ‘शी आस्क्ड मी व्हेअर वॉज आय गोइंग’ लिहिणाऱ्या मुलीला मी एवढेच सांगतो की कर्ता आधी, क्रियापद नंतर: ‘व्हेअर आय वॉज गोइंग’. हो किंवा नाही असे उत्तर येणाऱ्या प्रश्नात ‘इफ’ किंवा ‘व्हेदर’ घ्यावा आणि त्याच्याआधी ‘दॅट’ घालू नये.

‘से’ आणि ‘टेल’ यांचा घोळ लवकर सुटतो. ‘टेल’ला ऐकणारा लागतो आणि त्याच्याआधी ‘टू’ नको: ‘ही टोल्ड मी’. ‘से’ला ऐकणारा नसला तरी चालतो, असलाच तर ‘टू’ हवा: ‘ही सेड टू मी’. ‘मला’मधला ‘ला’ इंग्रजीत आणण्याच्या नादात ‘टोल्ड टू मी’ होते आणि उलट बाजूने ‘सेड मी’ होते, दोन्ही चूक.

आज्ञेच्या वाक्यांत ‘दॅट’ टाळून ‘टू’ वापरायचा असतो आणि नकार ‘टू’च्या आधी येतो: ‘द बोटमन टोल्ड अस नॉट टू स्टँड अप.’ ‘टोल्ड अस टू डोन्ट स्टँड’ हे दरवर्षी दिसते. ‘सजेस्ट’ मात्र या साच्यात बसत नाही. ‘सजेस्टेड मी टू गो’ चालत नाही, ‘सजेस्टेड दॅट आय शुड गो’ असे लिहावे लागते.

हुशार मुलांच्या चुका वेगळ्या असतात. ती तक्ता इतका काटेकोर लावतात की ‘हियर’ दिसला की ‘देअर’ करतात. मालवणच्या जेटीवर नावाडी ‘वेट हियर’ म्हणाला आणि आपण त्याच जेटीवर उभे राहून सोबत्याला ते सांगत असू, तर ‘हियर’च राहतो. भूतकाळाचेही तसेच. ‘आय वॉज बॉर्न इन वेंगुर्ला’ असे आजोबा म्हणाले, तर ‘ही सेड दॅट ही वॉज बॉर्न इन वेंगुर्ला’ हे अगदी स्वाभाविक इंग्रजी आहे. ‘हॅड बीन बॉर्न’ व्याकरणाने बरोबर असले तरी तिथे जड वाटते. ‘कुड’, ‘शुड’, ‘माइट’ हे सहसा बदलत नाहीत. ‘मस्ट’ तसाच ठेवता येतो किंवा सक्तीचा अर्थ असेल तर ‘हॅड टू’ करता येतो.

सरावासाठी बहिणीला छापील वाक्ये देण्याऐवजी घरातले बोलणे द्यावे. आईने सकाळी मराठीत काय सांगितले ते संध्याकाळी इंग्रजीत लिहायचे आणि लिहिण्यापूर्वी फक्त तीन गोष्टी ठरवायच्या: आता बोलणारी कोण, ती कुठे आहे आणि मूळ बोलण्याला किती वेळ झाला. उद्गारवाचक वाक्यांवर मात्र फार वेळ घालवू नये. ‘एक्सक्लेम्ड विथ जॉय’ असे प्रत्यक्षात क्वचितच कोणी बोलते. पण ‘हुर्रे’ काढून टाकायचे, ‘व्हॉट अ’ किंवा ‘हाऊ’च्या जागी ‘व्हेरी’ घालून साधे विधान करायचे, एवढे लक्षात ठेवले की त्या प्रश्नाचा गुण मिळतो.