मराठीचा तास आणि वर्गाचा ग्रुप : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दहावीच्या वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. कवितेवर चर्चा करा म्हटलं, की एक हुशार मुलगी उत्तर टाकते. बाकीचे तेच जरा फिरवून टाकतात, नाहीतर 'खूप छान' आणि अंगठा. मुलं स्वतःचं काही लिहीतच नाहीत. काय करावं?
– मराठीच्या शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : यात मुलांपेक्षा जागेचा दोष जास्त आहे. ग्रुपवर पहिलं उत्तर पडलं की ते सगळ्यांना दिसतं, आणि एकदा पाहिलेलं उत्तर बाजूला ठेवून लिहिणं मोठ्यांनाही जड जातं. चर्चा अशा ठिकाणी न्या, जिथे आपलं उत्तर दिल्याशिवाय दुसऱ्याचं वाचता येत नाही.

गूगल क्लासरूममध्ये ही सोय आहे, पण बरेच जण ते फक्त गृहपाठ गोळा करायला वापरतात. 'क्लासवर्क'मध्ये 'क्रिएट', मग 'क्वेश्चन', प्रकार 'शॉर्ट आन्सर'. खाली दोन खुणा दिसतील. मुलांना एकमेकांना प्रतिसाद देऊ देणारी खूण चालू ठेवा, उत्तर बदलू देणारी बंद. दुसरी चालू राहिली तर मुलं 'माहीत नाही' एवढं लिहून पाठवतात, इतरांची उत्तरं वाचतात आणि मग आपलं 'सुधारतात'. म्हणजे पुन्हा व्हॉट्सॲपच.

साधन बदललं तरी प्रश्न जुनाच असेल तर फरक पडणार नाही. 'कवितेतून कवीला काय सांगायचे आहे?' याचं उत्तर गाईडमध्ये तयार असतं. नारायण सुर्वे यांची 'दोन दिवस' घ्या. तिथे असं विचारा : कवितेतल्या हातांचं काय काय होतं? त्यातली एकच अवस्था निवडा, तिथला शब्द जसाच्या तसा लिहा. त्या जागी जवळच्या अर्थाचा दुसरा शब्द घालून पाहा आणि काय हरवलं ते तीन वाक्यांत सांगा. कोणी 'गहाण' निवडून तिथे 'बांधलेले' घालेल. मग लक्षात येईल, की गहाण टाकलेली वस्तू आपलीच असते, फक्त ताबा सावकाराकडे असतो. बांधलेल्यात ते येत नाही. रसग्रहणात आशयसौंदर्याखाली मुलांनी लिहायला हवं ते हेच, आणि ते घोकून येत नाही.

साठ मुलांची एक चर्चा ठेवू नका. पंधरा-वीस उत्तरांपुढे कोणी वाचत नाही. आठ-आठ जणांचे गट करा आणि प्रश्न देताना त्या गटातलीच नावं निवडा. सोमवारी प्रश्न, बुधवारी रात्रीपर्यंत स्वतःचं उत्तर, शुक्रवारपर्यंत प्रत्येकाचे दोन प्रतिसाद. प्रतिसादाची अट एकच : त्यात कवितेतला एक तरी शब्द हवा आणि त्याबद्दल शंका किंवा हरकत हवी. नुसतं कौतुक धरायचं नाही.

शुक्रवारपर्यंत तुम्ही काही लिहू नका. बाईंचा 'बरोबर!' आला की चर्चा तिथेच संपते. एखादा गट अडलाच तर मत न देता 'तिसरी ओळ पुन्हा वाचा' एवढंच लिहा. शनिवारच्या तासाला एकमेकांशी न जुळणारी दोन उत्तरं फळ्यावर घ्या. ऑनलाइन बोललेलं वर्गात आलंच नाही, तर तिसऱ्या आठवड्यापर्यंत मुलांना कळतं की हे वाचणारं कोणी नाही.

प्रश्न : आता मुलं एआयकडून उत्तर लिहून घेतात. मग या चर्चेला अर्थ काय?

उत्तर : पहिल्या उत्तरात फसवणूक होईलच, ती धरून चाला. प्रतिसादात ती अवघड जाते, कारण तिथे वर्गमैत्रिणीने काल लिहिलेल्या वाक्याला उत्तर द्यायचं असतं. तरी शंका आली तर वर्गात तेच वाक्य तोंडी समजावून सांगायला लावा. आणखी एक चांगला उपाय आहे. आठवड्यातून एक कृती आवाजात घ्या : कडवं वाचून एका मिनिटाचं रेकॉर्डिंग, आणि 'या शब्दावर मी थांबलो कारण…' एवढं एक वाक्य. कुठे थांबायचं हे ठरवायला कविता वाचावीच लागते.

प्रश्न : पात्रांची फेसबुक खाती काढायला लावावीत का? नाटकाचा उतारा शिकवताना मुलांना मजा येते.

उत्तर : मजा येते हे खरं, पण खऱ्या फेसबुकवर नको. खोट्या नावाचं खातं तिथे नियमात बसत नाही आणि बाहेरचे लोक येऊन टिप्पणी करतात ते वेगळंच. पॅडलेट या ऑनलाइन फलकावरची बंद भिंत किंवा गूगल स्लाइड्सची सामायिक फाइल पुरते. प्रत्येक पात्राला एक रकाना द्या. पॅडलेटवर मुलं लॉगइन न करता आली तर नोंदी निनावी पडतात, म्हणून नोंदीच्या शीर्षकात हजेरी क्रमांक लिहायला सांगा. 'मंजुरीनंतरच प्रकाशित' ही सेटिंगही चालू करा.

खरी मेख वेगळीच आहे. मुलं पात्राच्या तोंडी विनोद घालतात आणि नाटक बाजूला राहतं. त्यावर दोन बंधनं पुरतात. एक, प्रत्येक नोंदीखाली उताऱ्यातल्या ज्या संवादावरून ती सुचली तो संवाद. दोन, पात्राला त्या क्षणी जेवढं माहीत आहे तेवढंच त्याने बोलायचं. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'त पहिला प्याला उचलणाऱ्या सुधाकराला पुढची वाताहत ठाऊक नाही. त्याच्या नोंदीत पश्चात्ताप आला, तर मुलाने शेवट वाचून सुरुवात लिहिली. त्याला दारूची वाट दाखवणाऱ्या तळीरामाची नोंद मात्र जरूर लिहून घ्या. आपल्या बाजूने त्याला सगळं कसं रास्त वाटतं हे लिहिताना मुलं चांगली अडखळतात, आणि खलपात्र कसं रचतात ते तिथेच उमगतं.

एका गटाला चार पात्रं, प्रत्येकी तीन नोंदी. याहून जास्त दिलं की मुलं फोटो शोधण्यात वेळ घालवतात.

प्रश्न : आमच्या गावात घरी एकच फोन, तोही वडिलांबरोबर शेतावर. हे सगळं आमच्यासाठी नाहीच का?

उत्तर : आहे, आणि त्याला फोन लागेलच असं नाही. एका कार्डशीटच्या मधोमध प्रश्न लिहून वर्गात लावा. मुलं तळहाताएवढ्या चिठ्ठ्यांवर उत्तरं लिहून आधी तुमच्याकडे देतील. सगळ्यांच्या आल्यावरच त्या एकदम चिकटवा, म्हणजे आधी पाहून लिहिणं बंद. प्रतिसाद वेगळ्या रंगाच्या चिठ्ठीवर, मूळ उत्तराला दोऱ्याने जोडून. संगणक कक्षाचा आठवड्यातून एक तास मिळत असेल तर तिघांत एक संगणक द्या. एक टंकलेखन करेल, दोघं पाठ्यपुस्तक उघडून बसतील. मुदत कधीही तीन दिवसांपेक्षा कमी ठेवू नका.

प्रश्न : पालक म्हणतात, मुलीचा नंबर साठ जणांना का दिसतो?

उत्तर : त्यांचं बरोबर आहे. साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर उघडा असतो, आणि चर्चा संपली तरी तो इतरांच्या फोनमध्ये राहतो. व्हॉट्सॲपवर फक्त सूचना ठेवा, संदेश ॲडमिनच पाठवतील अशी सेटिंग करा आणि नंबर पालकांचेच घ्या. 2023च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालची व्यक्ती मूल मानली आहे आणि मुलाची माहिती वापरायला पालकांची संमती मागितली आहे. तेव्हा वर्षाच्या सुरुवातीला एका पानाचं संमतिपत्र घ्या : कोणतं साधन, कोणती माहिती, कोण पाहणार, कधी पुसणार. मुलांची खाती शाळेच्या डोमेनवर (म्हणजे शाळेच्या नावाच्या ईमेलवर) काढता आली तर फारच उत्तम.

प्रश्न : एडमोडो या वर्गासाठीच्या मोफत ऑनलाइन साधनावर तीन वर्षांच्या चर्चा होत्या. ते बंद झालं आणि सगळं गेलं. पुन्हा असं होऊ नये म्हणून?

उत्तर : एडमोडो सप्टेंबर 2022मध्ये बंद झालं. कोणतंही मोफत साधन असं जाऊ शकतं. दर सत्राच्या शेवटी पॅडलेटची भिंत पीडीएफमध्ये उतरवून घ्या, क्लासरूममधली निवडक उत्तरं एका गूगल डॉकमध्ये डकवा आणि दोन्हींची प्रत शाळेच्या पेनड्राइव्हवर ठेवा. सगळं जपायची हाव नको. प्रत्येक पाठाची पाच चांगली आणि दोन फसलेली उत्तरं, नावं काढून, पुढच्या वर्गासाठी पुरतात. फसलेली जास्त उपयोगी पडतात, कारण ती सुधारायला दिली की मुलं हिरिरीने पुढे येतात.